उष्टा धागा

३ सप्टेंबर, मंगळवार

पोचले एकदाची! खोली इतकी झकास आहे की बॅग उघडायच्या आधी रोजनिशी उघडली. कारखान्याच्या आवारातच, दुसऱ्या मजल्यावर. मोठी खिडकी, लिहायला टेबल, दोन कपाटं आणि न्हाणीघरात दिवसभर गरम पाणी. आधी राहून गेलेल्याचा एक केससुद्धा सापडला नाही, आणि मी कसून शोधला. तरीही नळ, मग आणि दाराची कडी साबणाने धुऊन घेतली. आई म्हणते, तुला स्वर्गात पाठवलं तरी आधी फडकं मागशील. मागेनच. किती लोक राहून गेले असतील तिथे!

मी चिकित्सक आहे हे मला मान्य आहे. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याचा वास मला तो धुतल्यावरही येतो. वसतिगृहात मी माझा चमचा कुलपात ठेवायचे, त्यावरून मैत्रिणींनी सहा वर्षं माझी टर उडवली. उडवू देत. त्यांना सर्दी व्हायची, मला नाही.

आता कशासाठी आले ते नीट लिहून ठेवते. आम्ही कोळ्याच्या जाळ्याचा धागा कोळ्याशिवाय बनवतो. धागा बनवायची कोळ्याची कृती सूक्ष्मजंतूंच्या अंगात घालायची, त्यांना टाकीत साखरपाण्यावर पोसायचं, की ते एक चिकट द्रव तयार करतात. तो धुऊन स्वच्छ करायचा, बारीक नळीतून ओढायचा, झाला धागा. विद्यापीठात बाईंच्या हाताखाली मी हेच केलं. बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक. सगळं विद्यापीठ त्यांना नुसतं बाई म्हणतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक धागा असा निघाला की तो तोडायला यंत्राला १.३ गिगापास्कल इतका ताण द्यावा लागला. खऱ्या कोळ्याचा धागा १.१ ला तुटतो. त्या १.३ वर बाईंचा निबंध छापून आला, माझी डॉक्टरेट झाली, आणि आईने दारावर नवी पाटी लावली.

पण तो आकडा पुन्हा कुणालाच मिळाला नाही. मलाही नाही. आता मासिकाचं पत्र आलंय. एकोणीस ऑक्टोबरपर्यंत आकडा पुन्हा काढून दाखवा, नाहीतर निबंध मागे घेऊ. निबंध गेला की प्रबंध गेला, प्रबंध गेला की डॉक्टरेट गेली. विद्यापीठातली आमची टाकी तर गेल्या वर्षीच बंद पडली. इथे म्हणे आठ टाक्या आहेत, प्रत्येक दोन माणसं उंच. दीड महिना हातात आहे. मला खात्री आहे, होईल.

४ सप्टेंबर, बुधवार

आज मालकांनी स्वतः कारखाना दाखवला. पांढरे बूट, सतत हसरा चेहरा, आणि तोंडात एकच प्रश्न: किती मीटर? त्यावरून इथे सगळे त्यांना पाठीमागे ‘मीटर’ म्हणतात. मला मात्र त्यांनी प्रत्येक वाक्यात डॉक्टर म्हटलं. मला ते फार आवडलं, उगीच खोटं कशाला लिहू.

इथे त्या चिकट द्रवाला चीक म्हणतात. झाडाचा असतो तसा. आमच्याकडे त्याला सतरा अक्षरांचं नाव होतं.

टाक्या बाहेरूनच पाहिल्या. मग कताईचा हॉल. लांबलचक, पांढराशुभ्र, फरशीवर पाय घसरेल इतका स्वच्छ. चोवीस रिळं ओळीने फिरतात, प्रत्येकापुढे एक कामगार, आपल्याकडे पाठ करून. सगळ्यांच्या तोंडाला पट्टी. बोलणं नाही, खोकणं नाही, फक्त रिळांची बारीक कुरकुर. दारापाशी एक पिवळी रेघ मारलीय, तिच्यापलीकडे बाहेरच्याने जायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याइतकी चिकित्सक माणसं भेटली. मी आनंदाने रेघेच्या अलीकडे उभी राहिले.

हॉलच्या प्रमुख म्हणजे मावशी. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, तरातरा चालणाऱ्या. त्याच रोज माझ्या चाचणीच्या खोलीत ताजं रीळ आणून देणार आहेत. त्या फार कमी बोलतात, आणि बोलल्या तरी पट्टीवर हात ठेवून, तोंडात घास असल्यासारख्या.

मालकांशी थोडं वाजलं. विद्यापीठात आम्ही चीक सात वेळा धुतो, एकही जिवंत जंतू राहता कामा नये म्हणून. इथे किती वेळा, असं विचारलं तर हसले. म्हणाले, धुण्यातच आमचं दिवाळं निघत होतं डॉक्टर, म्हणून ते बंदच केलं. मी म्हटलं, मग धागा कसा चिवट होणार? त्यावर म्हणाले, चिवट कुणाला हवाय? ते सगळा धागा दळून त्याची पूड करतात आणि चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालतात! सहा वर्षं मी ज्या धाग्याची एकेक वीत जीव मुठीत धरून सांभाळली, तो हा माणूस किलोच्या हिशेबाने गालांना फासतो. त्यांना माझा आकडा हवाय तो फक्त डबीवर छापायला. ‘पोलादाहून चिवट धाग्यापासून.’ डब्या छापूनही झाल्यात.

असो. मला धागा मिळाला की झालं.

७ सप्टेंबर, शनिवार

पहिल्या दहा चाचण्या: ०.३, ०.३, ०.४, ०.२... पुढचे लिहीत नाही. शिवणाचा दोरा बरा.

बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या की तीन वर्षांपूर्वी जे केलंस तेच कर, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. मी जुनी वही उघडून तेच करतेय. तापमान तेच, वेग तोच, यंत्रसुद्धा त्याच बनावटीचं. काहीतरी आहे जे वहीत नाही. बाईंनी जाता जाता आठवण करून दिली की त्या डिसेंबरात निवृत्त होतायत, आणि त्यांना काळं तोंड घेऊन घरी जायचं नाहीये. मलाही नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं! आणि इतकं किळसवाणं की लिहितानाही हसू आणि ओकारी एकदम येतेय.

सकाळी मावशी रीळ घेऊन आल्या. धाग्याचं टोक पिंजलं होतं. त्यांनी पाठ वळवली, पट्टी जराशी खाली केली, टोक तोंडात घातलं, जिभेने वळलं आणि माझ्या हातात दिलं. ओलं. माझ्या हातात! मी रीळ टेबलावर टाकलं आणि हात धुवायला पळाले. परत येऊन त्यांना म्हटलं, मावशी, असं थुंकी लावलेलं मला चालत नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि इतकंच म्हणाल्या, “बरं, पोरी.” त्या गेल्यावर मी ते टोक हातभर कापून फेकून दिलं.

मग नवं टोक यंत्राच्या आकड्यात ओवायला घेतलं. आकड्याचं भोक सुईच्या नेढ्याएवढं. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा टोक ओठांत धरून ओलं केलं आणि ओवलं.

आणि तिथेच थांबले. टोक दोनदा हुकलं की मी हे नेहमी करते. सहा वर्षं करत आलेय. सुईत दोरा ओवताना कोण करत नाही? म्हणूनच ते वहीत नाही. दुसऱ्याच्या पेल्याला न शिवणारी मी, स्वतःची थुंकी असते हे माझ्या गावीही नव्हतं.

चाचणी घेतली: ०.९. एरवीच्या तिप्पट. आणखी चार वेळा घेतली, संपूर्ण धागा जिभेवरून ओढून. ०.८, ०.९, ०.९, ०.९. म्हणजे धागा घट्ट करणारी जादू आमच्या महागड्या रसायनांत नव्हतीच. ती माझ्या थुंकीत होती.

बाईंना फोन करून सांगितलं. मग म्हणाल्या की निबंधात थुंकी असा शब्द येणार नाही, आपण त्याला काहीतरी नाव देऊ. आधी १.३ आण.

१६ सप्टेंबर, सोमवार

दिवसाला चाळीस-चाळीस धागे चाटतेय. चव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी, मागून किंचित गोड, आणि मग जिभेवर नाणं ठेवल्यासारखी. प्रत्येक वेळी चूळ भरते. इथला चीक धुतलेला नसतो हे ठाऊक आहे, पण हे जंतू साखरेवर जगणारे, त्यांनी कधी कुणाचं काही केल्याचं ऐकलं नाही. चूळ भरली की पुरे.

०.९ च्या वर मात्र जात नाही. ताज्या, स्वच्छ चिकाची थेट टाकीतून बाटलीभर मागणी केली. मालक म्हणाले, बघू. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा बघू.

१९ सप्टेंबर, गुरुवार

तोंडाला फार पाणी सुटतंय. सकाळी उशी भिजलेली होती, आणि ओलसर डाग नव्हे, चक्क खळ लावल्यासारखी कडक. उशीचा अभ्रा गरम पाण्यात दोनदा धुतला. चिकटपणा जाईना. शेवटी फेकून दिला.

जेवताना तोंडात केस आला. मला केसाचा किती तिटकारा आहे! जिभेखाली बोट घालून चिमटीत धरला आणि ओढला. आला. येतच राहिला. वीतभर झाला तेव्हा मी ओढायची थांबले, कारण केस नव्हता. पांढरा होता. माझ्या हाताला तो धागा ओळखता येतो.

बहुतेक सकाळच्या चाचणीतला तुकडा गिळला गेला असणार. बहुतेक तसंच.

२३ सप्टेंबर, सोमवार

गिळलेला तुकडा नव्हता. चार दिवसांत सात वेळा ओढला. आज आरशासमोर जीभ उचलून पाहिलं. जिभेखाली जिथून थुंकी पाझरते ती दोन बारीक तोंडं सुजून मोहरीएवढी झालीयत, आणि दोन्हींत एकेक पांढरं टोक हलतंय.

सरळ टाक्यांच्या इमारतीत गेले. दाराला कुलूपही नव्हतं. आठही टाक्या रिकाम्या. तळाशी धूळ. एकीत मेलेलं पाखरू होतं, तेही वाळलेलं.

मग हॉलमध्ये गेले आणि पिवळी रेघ ओलांडली.

रिळांना कुठलीही नळी जोडलेली नाही. धागा कामगारांच्या पट्टीखालून येतो. चोवीस माणसं, चोवीस तोंडं, प्रत्येकाच्या खालच्या ओठावरून एक ओला धागा सरळ रिळावर. ओठांच्या कडा धाग्याने घासून चिरल्यात, तिथे मलम चोपडलंय. एका बाईच्या हनुवटीवरून थुंकी गळत होती आणि ती मांडीवरच्या वाटीत पडत होती. ती वाटीसुद्धा जपून ठेवतात.

मी भिंतीला धरून ओकले. ओकारीतही धागे होते.

मावशींनी मला बाहेर नेलं, पाठ चोळली, आणि पट्टीवर हात ठेवून थांबत थांबत सगळं सांगितलं. गेल्या वर्षी धुणं बंद झालं. तुटलेला धागा जोडायला सगळेच टोक ओठांत धरतात, कताईत जन्म गेलेली माणसं आणखी काय करणार? जिवंत जंतू तोंडात गेले आणि तिथेच राहिले. माणसाच्या तोंडात त्यांना टाकीपेक्षा जास्त मानवलं. मालकांच्या ध्यानात आलं की टाकी नको, साखर नको, नळ्या नकोत, आणि मे महिन्यापासून टाक्या बंद. मी विचारलं, मग तुम्ही सोडून का जात नाही? त्या म्हणाल्या, एक जण गेला होता. रोज ओढून काढलं नाही तर घशात साचतं. तो गावापर्यंतही पोचला नाही.

म्हणजे मी इतके दिवस जे धागे चाटत होते ते या चोवीस जणांच्या तोंडातले होते. रोज चाळीस. जिभेवरून, शेवटपर्यंत. मी! जिचा चमचा कुलपात असतो!

दात घासतेय. हिरड्यांतून रक्त आलं तरी घासतेय.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

परवा गावातल्या डॉक्टरांकडे गेले होते. म्हातारे, सौम्य गृहस्थ. जीभ उचलून पाहिलं, चिमट्याने टोक धरून ओढलं. कोपरापासून बोटापर्यंत लांबीचा धागा हातात आल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी चिमटा टाकला आणि तीन वेळा हात धुतले. मी मोजलं. कुणीतरी किळसेने माझ्याकडे बघतंय, हा अनुभव मला नवीन होता. फार वाईट वाटलं. त्यांनी धागा मुळाशी कापला आणि मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली.

कापलेलं टोक आत सरकलं. काल पहाटे श्वास अडकून जाग आली. घशात बोटं घालून गोळा बाहेर काढला. ओल्या कापसाचा बोळा, मुठीएवढा, ऊन. त्यात आदल्या रात्री खाल्लेला भात अडकला होता.

बाईंना फोन करून सगळं सांगितलं. रडले. म्हटलं, मी निघतेय, रुग्णालयात भरती होते. मला वाटलं, बाई हादरतील. त्यांनी विचारलं, तो धागा मोजलास का?

मला राग यायला हवा होता. पण मी मोजला होता. डॉक्टरांकडून आल्याबरोबर मोजला होता. ०.५.

३० सप्टेंबर, सोमवार

मालक खोलीवर आले होते. घाबरलेले वगैरे मुळीच नाहीत. म्हणाले, जगातला हा पहिला कोळ्याचा धागा आहे ज्याला ना कोळी लागतो ना टाकी, डॉक्टर, विद्यापीठाने शंभर वर्षांत हे केलं नसतं. मी म्हटलं, ही माणसं मरतील. ते म्हणाले, रोज सुताई केली तर नाही मरत. सुताई! धागा ओढून काढण्याला शब्दही तयार आहे. मग हळूच म्हणाले की पंचविसावं रीळ रिकामं आहे. आणि जाता जाता दारातून, तोच प्रश्न. साधारण किती मीटर निघतो?

मी त्यांच्या अंगावर पेला भिरकावला. लागला नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस हाताने ओढत राहिले. बोटं कापली. आवंढा गिळता येईना.

आज पंचविसाव्या रिळावर बसले. मावशींनी टोक जोडून दिलं. रीळ फिरायला लागलं आणि जिभेच्या मुळापासून, घशाच्या आतून, कुठून कुठून ते सरसर निघायला लागलं — आणि लिहायलाच हवं — बरं वाटलं. साचलेलं सगळं मोकळं होताना वाटतं तसं. डोळे मिटले गेले. चारशे दहा मीटर.

खोलीवर येऊन स्वतःचीच किळस आली. आंघोळ केली, पुन्हा केली. आतून कशी धुऊ?

आईचा फोन. पट्टीवर हात ठेवून बोलले. ती म्हणाली, तोंडात घास घेऊन काय बोलतेस, आधी जेव. शेजारच्या काकूंच्या मुलीला माझा सल्ला हवाय म्हणे, तिलाही डॉक्टरेट करायचीय. आई इतकी आनंदात होती. मी हं हं करत राहिले.

७ ऑक्टोबर, सोमवार

भरती व्हायला हवं. होईन. एकोणीस तारखेनंतर.

आता इतकं झालंच आहे, तर रिकाम्या हाताने परत जायचं? ही एवढी घाण तोंडात घेऊन, आणि वर डॉक्टरेटही नाही?

स्वतःच्या धाग्याच्या वीस चाचण्या. ०.५, ०.५, ०.६. कापला की आखडतो, वाळतो, कमकुवत होतो. पण तोंडातून येत असतो तेव्हा तुटत नाही. आज दाताने तोडायला गेले, दाताचा टवका उडाला. टवका धाग्याला चिकटून रिळावर गेला.

पूड होईल त्याची. कुणाच्या तरी गालावर.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

न कापता मोजायचा. एवढं साधं. एक टोक यंत्रात, दुसरं माझ्यात.

बाईंना सांगायच्या आधीच त्या तेच म्हणाल्या. आम्ही दोघी एकदम बोललो. जुन्या दिवसांसारखं वाटलं. त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी ‘बाळ’ म्हटलं.

बाईंना ताकद हवी, मालकांना लांबी हवी. मला काय हवंय, हे दोघांपैकी कुणीही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मीही आकडाच म्हटलं असतं. हेच सगळ्यात किळसवाणं आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आवाज गेला. अजिबात नाही. लिहूनच बोलते. जेवण पातळ, नळीने.

जिभेखाली धाग्याची दोन तोंडं होती, आता पाच. एक गालात. एक खोल, घशाच्या मागे — त्यातून येणारा धागा जाड आहे, आणि तो ओढला की बेंबीपाशी हिसका बसतो.

मावशी म्हणाल्या, मागचा कधी ओढू नये. तो आतड्याला धरून असतो.

तोच सगळ्यात चिवट आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

यंत्र तयार. हनुवटीला लाकडी आधार, जबड्याला पट्टा, म्हणजे डोकं हलणार नाही. यंत्र धागा तुटेपर्यंत चालतं. मध्ये थांबवलं तर नोंद पुसली जाते, आकडा धरत नाहीत. मासिकाला पूर्ण नोंद लागते. तुटेपर्यंतची.

मावशी पाया पडल्या माझ्या. माझ्या! नको पोरी, म्हणतात. मी लिहून दाखवलं — उद्या अकरा वाजता. तुमची कात्री घेऊन उभ्या रहा, पण मी हात वर केल्याशिवाय नाही.

आईला पत्र लिहायला बसले होते. पहिल्या ओळीवर थेंब पडला. ताणला गेला. कागदाला चिकटला. फाडून टाकलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी १०.५०. मागचा जाड धागा यंत्रात. पट्टा आवळला. वही मांडीवर, हात मोकळा. बाई फोनच्या पडद्यावर. मालक खुर्ची घेऊन बसलेत, पाय हलवतायत. मावशी उजवीकडे. ऊन छान पडलंय.

११.०० सुरू.

०.२ — ०.४ — काही वाटत नाही. लाळ गळतेय. वाटी भरली.

११.०६. ०.७. घसा जळतो. बाई म्हणतात उत्तम, उत्तम.

११.०९. ०.९ — डोळ्यांतून पाणी. पाण्यातही बारीक —

११.१२. १.१. कोळ्याच्या बरोबरीने! मालक टाळ्या वाजवतायत. बेंबीजवळ काहीतरी ताठ झालंय, दोरीसारखं. वर येतंय.

११.१४. १.२ — आत काहीतरी सुटलं. खूप खाली. दुखलं नाही. फक्त जागा रिकामी झाली.

मावशी कात्री घेऊन पुढे. मी त्यांचं मनगट धरलंय. हात वर केलेला नाही. अजून नाही.

११.१६. १.३

१.३!

बाई रडतायत. मी पण. झालं — आई, झालं —

यंत्र थांबत नाही. तुटला नाही ना. तुटेपर्यंत.

१.४ — घशात भरलंय. श्वास नाही. मऊ आहे. ऊन. जिभेवर आलं. धागा नाही. माझंच आहे काहीतरी — चव ओळखीची नाही —

मावशी ओढतायत हात. बाई ओरडतायत तोडू नका तोडू नका नोंद जाईल. मालक उभे राहिलेत. पट्ट्याखाली वाकून बघतायत —

१.५. दातांच्या बाहेर

हात वर करायचाय. कुठला — एकात लेखणी, एकात मावशींचं मनगट, बोटं चिकटलीत सुटत नाहीत मावशी

१.६ अजून तुटत ना